चार बटणं

गेली सव्वीस वर्षं मी डोंगरावर माणसं मोजते आहे. त्याचा कोणी पगार देत नाही, आभारही मानत नाही, आणि तरी हे काम मी दुसऱ्या कोणाच्या हाती लागू देत नाही. माझ्याकडे कवळी ठेवायची एक निळी प्लॅस्टिकची डबी आहे. तिच्यात जुन्या कोटांची मोठी बटणं. जितकी माणसं तितकी बटणं. निघताना ती माझ्या डाव्या खिशात जातात. थांब्यावर पोचलं की मी एकेकाचं तोंड बघते, मोठ्याने आकडा म्हणते आणि एकेक बटण उजव्या खिशात टाकते. डावा खिसा रिकामा झाला की ओरडते, "पूर्ण!" तोवर सगळ्यात पुढचा माणूससुद्धा जागचा हलत नाही.

हे सगळं सुरू झालं बेकरमुळे. पहिल्याच वर्षी धुक्यात तो एका खडकाआड गेला, कशाला ते सांगायला नको, आणि परत येताना भलत्याच बाजूने उतरला. त्याला शोधायला मास्तर मागे गेले. मास्तरांना शोधायला बेकरची बायको गेली. तासाभरात बेकर शिट्टी वाजवत हजर, आणि ते दोघं गायब! तीन तास ओरडून ओरडून माझा घसा बसला. सगळे एकत्र आले तेव्हा मी इतकी भडकले होते की तिथल्या तिथे दोन नियम करून टाकले. एक, सगळ्यात मागे मी चालणार आणि प्रत्येक थांब्यावर मोजणार. दोन, मोजणीत कोणी कमी आढळलं तर शोधायला मागे फिरायचं नाही. जिथे कळलं तिथेच बूड टेकून बसायचं, राहिलेला माणूस वाटेने येईल. माझा अवतार बघून कोणी ब्र काढला नाही.

आम्ही एकाच गल्लीतले पाच जण. मास्तर शाळेत भूगोल शिकवायचे. ते निवृत्त झाले, त्यांचा भूगोल झालेला नाही, म्हणून चालताना सगळ्यात पुढे तेच. त्यांच्यामागे बेकर आणि त्याची बायको, जिला आम्ही सगळे वहिनी म्हणतो. गल्लीच्या टोकाची बेकरी या दोघांची. त्यांच्यामागे सिस्टर. ती इस्पितळात नर्स आहे. एकेकाळी आम्ही दोघी चार वर्षं एका खोलीत राहिलो, मग तिचं लग्न झालं आणि मी त्याच खोलीत राहिले. आणि सगळ्यांत शेवटी मी. मला दातवाली म्हणतात, कारण मी दात करते.

दातांचे डॉक्टर वेगळे. ते माणसाच्या तोंडात बघतात. मी त्यांच्या दवाखान्यांच्या मागे एका खोलीत बसते, जिच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते. डॉक्टरांकडून हिरड्यांचे ठसे येतात. मी त्यांत प्लास्टर ओतते, साचा काढते, मेणात एकेक दात बसवते, घासते, चकाकी आणते. एकतीस वर्षं हेच. ज्यांचे दात करते त्यांना मी कधी भेटत नाही, पण रस्त्यात एखादी बाई हसली की मला कळतं, वरचे सहा माझे. मग मी बघत राहते. ती बिचारी घाबरते आणि रस्ता ओलांडते.

महिन्यापूर्वी लॅबच्या मालकांनी मला बोलावून सांगितलं की यंत्र घेतलंय. डॉक्टर तोंडाचा फोटो पाठवणार आणि यंत्र दात कोरणार. मला पुढच्या महिन्याच्या अखेरपर्यंत यायचं होतं, त्यानंतर नाही. मालक तसे भले. मी म्हटलं ठीक आहे, आणि जाऊन अर्धवट राहिलेली कवळी पुरी केली.

ही गोष्ट मी चौघांपैकी कोणालाच सांगितली नाही. का, ते आता कबूल करते. मला वाटत होतं त्यांनी ओळखावं. महिनाभर मी तोंड पाडून बेकरीत जात होते, पाव घेत होते आणि परत येत होते. वहिनींनी एकदा विचारलं, "सर्दी झालीय का?" मी म्हटलं, हो.

सांगितलं फक्त ताईला. ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी, दोन दिवसांच्या प्रवासावर राहते. भावोजी गेल्यापासून घरात एकटी, आणि गेल्या थंडीत न्हाणीघरात पडली तेव्हापासून मनाने घाबरलेली. मागची खोली रिकामी आहे, कायमची ये, असं ती फोनवर दर रविवारी म्हणायची आणि मी दर रविवारी बघू म्हणायचे. शेवटी तिने दिवस ठरवून दिला. एक बाई खोली भाड्याने घ्यायला तयार होती आणि उत्तरासाठी थांबली होती. "या रविवारी संध्याकाळपर्यंत सांग," ताई म्हणाली. "नाहीतर त्या बाईंना हो म्हणते. मला घरात कोणीतरी हवंय गं."

तो रविवार नेमका झाडाचा होता. दरवर्षी या दिवसांत, बर्फ वितळून वाट मोकळी झाली की, आम्ही डोंगरावरच्या एका फार जुन्या झाडाला भेटून येतो. सकाळी जायचं, संध्याकाळी परत. या वेळी मी मनाशी ठरवलं होतं की आज चौघांना सांगायचं. लॅब सुटतेय हेही आणि ताईचंही. एकाने जरी "जाऊ नकोस" म्हटलं तरी राहायचं. पोटापुरतं काहीतरी मिळालंच असतं, हातात कसब आहे. पण कोणीच नाही म्हटलं, तर कोणासाठी राहायचं?

पुलापाशी गाडी लावली तेव्हा सात वाजले होते. मोजले, चार, पूर्ण. झऱ्यापाशी मोजले, चार, पूर्ण. तिथून चढ अंगावर येतो. उंचीवर हवा विरळ होत जाते, दोन पावलांमागे एक श्वास घ्यावा लागतो, आणि मास्तर मात्र मागे वळून या खडकाखाली एकेकाळी समुद्र होता वगैरे सांगत असतात. बेकरला या वर्षी जास्त धाप लागत होती. गेल्या वर्षी त्याच्या हृदयाची एक नळी उघडून घ्यावी लागली होती. सिस्टर त्याच्या मागोमाग चालत होती आणि तो थांबला की बुटाची नाडी बांधायच्या निमित्ताने तीही थांबत होती.

तिसरा थांबा दगडी खोपीचा. कोणे एके काळी मेंढपाळांनी बांधलेली, आता छप्पर उडालेलं, तीन भिंती तेवढ्या उभ्या. आम्ही भिंतीच्या आडोशाला बसलो. घरून उकडून आणलेली अंडी निघाली. मला वाटलं, हीच वेळ.

"मला एक सांगायचं होतं," मी म्हटलं.

"आधी अंडं घे," बेकर म्हणाला. "रिकाम्या पोटी सांगितलेलं कोणाला पटत नाही."

"लॅबमध्ये ना..."

"अहो, मीठ कुठे ठेवलंत?" वहिनींनी बेकरला विचारलं.

"मास्तरांना विचार. त्यांच्या भूगोलात मिठाचे डोंगर असतात."

झालं. मास्तरांना आयतं कोलीत मिळालं. मिठाच्या खाणी कशा तयार होतात ते त्यांनी सुरू केलं, बेकर मधेमधे फाटे फोडत राहिला, वहिनी हसता हसता खोकल्या. मीठ माझ्याच पिशवीत होतं. मी काढून दिलं. "दातवाली आहे म्हणून आपलं चालतंय," बेकर म्हणाला आणि अंड्यावर भुरभुरलं. एकदा तुटलेली गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात करणं मला आयुष्यात कधी जमलेलं नाही. मी अंडं सोलून खाल्लं.

सिस्टर माझ्याकडे बघत होती. "डोकं दुखतंय?"

"नाही," मी म्हटलं, जरा जास्तच तोडून. तिने पुन्हा विचारलं नाही. विचारायला हवं होतं, असं मला त्या वेळी वाटलं.

बाराला झाडापाशी पोचलो. पहिल्यांदा बघणाऱ्याला ते झाड वाटतच नाही. उंची जेमतेम दोन माणसांएवढी, बुंधा मात्र पाच जणांनी हात धरले तरी कवेत न येणारा. सगळं लाकूड वाऱ्याने घासून करडं झालेलं, मेलेलं. फक्त एका बाजूने तळहाताएवढ्या रुंदीची सालीची पट्टी वर जाते आणि तिच्या टोकाला एकच हिरवी फांदी आहे. तेवढ्यावर ते जिवंत आहे. मास्तर त्याचं वय चार हजार वर्षं सांगतात. पहिल्या वर्षी तीन सांगितलं होतं. बेकर म्हणतो, मास्तर झाडाला दरवर्षी पगारवाढ देतात.

झाडापाशी बेकरचा मान असतो. तो आदल्या पहाटे खास भाजलेले गोड पाव आणतो, लोणी घातलेले, वर बदाम, आणि झाडाखाली बसल्याशिवाय कोणाला दाखवतही नाही. त्याने पिशवी उघडली. मास्तरांना एक, सिस्टरला एक, वहिनींना एक, स्वतःला एक. मग त्याने पिशवीत पुन्हा हात घातला, पिशवी उलटी केली, झटकली.

"अरे देवा," तो म्हणाला. "चारच आणले!"

मग तोच हसायला लागला. "तुझाच दोष आहे, दातवाली. सव्वीस वर्षं चार चार ऐकून डोक्यात चारच बसलेत. भट्टीपुढे उभा राहून मोजले, एक, दोन, तीन, चार, पूर्ण!" त्याने माझा आवाज इतका हुबेहूब काढला की मास्तरांच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. मीही हसले. काय करणार?

चौघांनी आपापल्या पावाचे तुकडे तोडून मला दिले. खरं सांगायचं तर माझ्या वाट्याला सगळ्यांपेक्षा जास्त पाव आला, आणि बेकरने स्वतःचा बदाम काढून वर ठेवला. पण माझा हात खिशातल्या बटणांवर गेला. माझं बटण डबीत कधीच नव्हतं, ते मला ठाऊक होतं. मोजणाऱ्याला बटण कशाला? मीच ठेवलं नव्हतं. पण ते दुसऱ्याच्या डोक्यातही नसेल, पहाटे भट्टीपुढे उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यातही नसेल, हे तोवर माहीत नव्हतं.

एक वाजला. "चला," मास्तर म्हणाले. "दातवाली, मोज."

मी उठले. मास्तर, एक. बेकर, दोन. वहिनी, तीन. सिस्टर, चार. "पूर्ण!" मी ओरडले. ते वळले आणि चालू लागले. पुढच्या वर्षी मोठी गाडी घ्यावी का यावर बेकर आणि मास्तरांची जुंपली होती. वळणावर सिस्टरची लाल टोपी दिसेनाशी झाली आणि तोपर्यंत एकदाही कोणी मागे बघितलं नाही. कशाला बघतील? मागे मी असतेच.

मी गेलेच नाही. झाडाच्या पलीकडच्या अंगाला बुंध्यात एक पोकळी आहे, माणूस अंग चोरून बसेल एवढी. तिच्यात जाऊन बसले. हे पोरकट होतं, मला तेव्हाही कळत होतं. अठ्ठावन्न वर्षांची बाई लपून बसते आणि आपल्याला शोधायला कोण येतं ते बघते! पण मी हिशेब मांडला होता. खोपी खाली पाऊण तासावर. तिथे मोजणी होणार, तिथे "पूर्ण" ऐकू येणार नाही, तिथे कळणार. वर यायला तास. म्हणजे तीनपर्यंत कोणीतरी दिसायला हवं. आलं तर सगळं सांगायचं, रडायचं असेल तर रडायचं, आणि राहायचं. नाही आलं तर ताईला फोन. पूल सोडला की वर फोनला रेंज फक्त झाडापाशीच येते, तेही माझ्या पथ्यावर पडलं.

पहिला अर्धा तास बरा गेला. रागाची ऊब असते. मी मनातल्या मनात भांडत होते, बेकरला चार शब्द सुनावत होते, वहिनींना सर्दीवरून टोमणे मारत होते. मग वारा वाढला. पोकळीचं तोंड पलीकडच्या दरीकडे आहे, वारा थेट आत यायचा आणि लाकडात घुमायचा. त्याशिवाय दुसरा आवाज नाही. एवढ्या उंचीवर पाखरंही येत नाहीत. पाठीला लाकूड टोचत होतं, बोटं बधिर झाली होती. सारखी धाप लागत होती, बसल्या बसल्या.

दोन वाजले. अडीच. मी बुंध्याआडून डोकं काढून खालची वाट न्याहाळली. वाट रिकामी. ढग खालून वर सरकत होते.

मी त्या झाडाकडे इतका वेळ एकटीने कधीच बघितलं नव्हतं. दरवर्षी तासभर बसतो, खातो, हसतो, निघतो. आपण गेल्यावर हे इथे वर्षभर उभं असतं, हा विचार कधी आला नव्हता. माझी खोली आठवली. दरवाजा उघडला की समोर दिसणारी एकच खुर्ची. खुर्च्या दोन होत्या, सिस्टर गेल्यावर एकीवर मी कपडे ठेवायला लागले, मग ती खुर्ची राहिलीच नाही. लॅबमधल्या फळीवरचे प्लास्टरचे साचे आठवले, एकेकावर पेन्सिलने नाव लिहिलेले. या महिन्यानंतर मी दिवसभरात कोणाशी बोलणार होते? बेकरीत, पाव घेताना. एवढंच. मला रडू आलं आणि मी थांबवलं नाही, तिथे ऐकायला होतं कोण?

तीन वाजले. सव्वातीन. कोणी आलं नाही.

तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पोकळीतून बाहेर आले, फोन काढला आणि ताईला लावला.

"येते," मी म्हटलं. "कायमची येते."

पलीकडे काही ऐकू येईना. मला वाटलं रेंज गेली. मग कळलं, ताई रडत होती. भावोजी गेले तेव्हाही माझ्यासमोर न रडलेली ताई. "मला वाटलं होतं तू नाहीच म्हणणार," ती म्हणाली. "तुझी ती माणसं तुला सोडणार नाहीत असं वाटलं होतं गं."

"माणसं काय," मी म्हटलं.

"मी आत्ताच त्या बाईंना नाही म्हणून सांगते. आत्ताच. फोन ठेव."

मी फोन ठेवला, पिशवी पाठीला लावली आणि उतरू लागले. गाडी असेल की तीही गेली असेल, याचा विचार करत होते. पाय चालत होते म्हणून चालत होते. अर्ध्या वाटेवर वारा पडला, आणि खालून एक बारीक आवाज आला. शिट्टी. थोड्या वेळाने पुन्हा शिट्टी. मास्तरांची शाळेची शिट्टी, ती मी झोपेतही ओळखेन.

मी धावत सुटले. त्या उंचीवर धावतात का? पण मी धावले.

खोपीच्या भिंतीला चौघं एकमेकांना चिकटून बसले होते. मधोमध बेकर, अंगावर स्वतःचा कोट, वर सिस्टरचा, ओठ निळसर पडलेले. वहिनी त्याचे हात चोळत होत्या. मास्तरांच्या तोंडात शिट्टी तशीच. अडीच तास ते तिथे बसले होते.

"आली!" वहिनी ओरडल्या. "आली गं बाई, आली!" आणि त्यांनी मला मिठी मारली, इतकी घट्ट की माझा उरलासुरला श्वासही गेला.

"मोज बाई लवकर," बेकर म्हणाला. त्याचे दात वाजत होते, हसायचा प्रयत्न करत होता. "माझं बूड गोठलंय."

"तुम्ही गेला का नाहीत?" मी विचारलं.

मास्तरांनी शिट्टी काढली. "तू 'पूर्ण' कुठे म्हणालीस?"

"मग वर का नाही आलात?"

वहिनी जरा ओशाळून म्हणाल्या, "तुमचाच नियम ना? मागे फिरायचं नाही, बसून राहायचं. हे तीनदा उठले. सिस्टरने तीनदा खाली बसवलं. हे वर चढले असते तर... म्हणून. साडेचारपर्यंत वाट बघायची आणि मग नियम मोडून मास्तरांनी वर जायचं असं ठरलं होतं."

घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

सव्वीस वर्षांपूर्वी घसा बसेपर्यंत ओरडून मी जो नियम केला, तो त्यांनी अक्षरशः पाळला होता, आणि मला, नियम करणारीला, त्याची आठवणही राहिली नव्हती. रुसलेल्या माणसाला दुसऱ्याने काय करायला हवं तेवढंच दिसतं. ते आले नाहीत असं मी वर बसून म्हणत होते. आणि ते खाली बसून माझीच वाट बघत होते.

"पायात गोळा आला होता," मी खोटं बोलले. "चालवेना."

सगळ्यांनी ते लगेच मानलं. वहिनी तर माझ्या पोटऱ्या चोळायला लागल्या. मी डाव्या खिशात हात घातला. बटणं नव्हती. ती वर मोजल्यापासून उजव्याच खिशात होती. डावीकडे घेऊन मोजायला लागले तर एक बटण खाली पडलं आणि मोजणी "पूर्ण"पर्यंत पोचलीच नाही.

सिस्टर उठली. तिने माझी पिशवी नीट करायच्या निमित्ताने मला जरा बाजूला घेतलं आणि माझ्या पाठीवरून नख फिरवलं. नखाला लागलेलं तिने मला दाखवलं. राळ. ती पोकळीतच असते.

"गोळा पाठीत आला होता वाटतं," ती हळूच म्हणाली.

मी खाली बघितलं.

"रागवायचं असेल तर खाली गल्लीत रागव. माझ्या दारात येऊन शिव्या घाल. वर नाही. त्याचं हृदय आता एवढी थंडी सोसत नाही." मग हात पुढे केला. "दे ती डबी."

"कशाला?"

"दे म्हणते ना. आज तू मधे चाल. मागे मी."

ज्या आवाजात ती रोग्यांना पडून राहायला सांगते तो आवाज होता. मी डबी दिली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

उतरताना माझ्यापुढे वहिनी आणि मागे सिस्टर. त्या डोंगरावर माझ्या मागे कोणाची पावलं वाजलेली मी कधी ऐकली नव्हती. सुरुवातीला मी सारखी दचकत होते. कठीण जागी बेकर थांबून मला हात देत होता, स्वतःला धाप लागलेली असताना, आणि मी तो घेत होते. पावाबद्दल तो दोनदा म्हणाला, "उद्या सकाळी ये, तुझा एक बाकी आहे." मी हो म्हटलं.

झऱ्यापाशी सिस्टरने मोजलं. एकेक बटण वेळ लावून, तोंड बघून. मास्तर, एक. बेकर, दोन. वहिनी, तीन. मग ती माझ्यासमोर आली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "चार." बटण खिशात पडलं. बटणं बरोबर पुरली, वेगळं काही आणावं लागलं नाही. इतकं सोपं होतं ते. मागे दुसरं कोणी चाललं की झालं. एवढ्या वर्षांत ते मी कोणाला करू दिलं नव्हतं.

"पूर्ण!" सिस्टर म्हणाली.

"तू धरून पाच," मी म्हटलं. ती हसली. मास्तर निघाले.

पुलापाशी पोचलो तेव्हा ऊन डोंगरावरून उतरलं होतं. गाडी उभी होती. बेकरच्या ओठांना रंग आला होता आणि मोठ्या गाडीचा वाद पुन्हा सुरू झाला होता. "पाच माणसं आणि पाच पिशव्या," बेकर मास्तरांना ठासून सांगत होता. "पाच! मोजा हवं तर." पुलावर रेंज येते. खिशात माझा फोन वाजला. ताईचा निरोप होता. त्या बाईंना नाही म्हणून सांगितलं. खोलीला कोणता रंग देऊ? खिडकीसाठी पडदा आजच शिवायला घेते. मी दोनदा वाचलं. ताईला आता नाही म्हणायचं, तर कोणत्या तोंडाने?

सिस्टरने शेवटचं मोजलं, चार, पूर्ण, आणि बटणं डबीत भरून झाकण लावलं. डबी मला परत देईल असं वाटलं होतं. तिने ती स्वतःच्या कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.

"पुढच्या वर्षीही ही माझ्याकडे," ती म्हणाली. "तू मधेच चालायचं. कळलं?"

"पुढच्या वर्षी त्यातली तीनच लागतील, सिस्टर."

तिला आधी कळलं नाही. मग तिने माझ्या हातातल्या फोनकडे बघितलं, माझ्या तोंडाकडे बघितलं.

"कधी ठरलं?"

"मघाशी," मी म्हटलं. "तुम्ही खोपीत बसला होतात तेव्हा."